कालव्यापलीकडचा ओटा

बाळांनो, पुद्दुचेरीच्या पिवळ्या भिंतीसमोरचा माझा फोटो तुम्ही दोघं मागताय. तो नाही. त्या दिवसाचा एकच फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी एका परक्या घराच्या ओट्यावर बसले आहे आणि हातात पाण्याचा पेला आहे. तो का, ते लिहिते.

आम्ही अंबडची निवृत्त मंडळी रेल्वेनं गेलो आणि तिथं बस केली. गाइडला हिंदी बेताचंच येत होतं. तो इंग्रजीत बोलायचा आणि मी माइकवर त्याचं मराठी करायची. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा हा उपयोग. सकाळ मजेत गेली. सरळ आखलेले रस्ते, कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या पाट्या, फ्रेंचांचे बंगले, भिंतीवरून उतरलेली बोगनवेल. मला नीटनेटकं आवडतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग बस कालव्यापाशी थांबली. अलीकडे गोरे राहत, पलीकडे काळे, असं गाइड म्हणाला. ते मी सांगितलं. पुढे तो म्हणाला, पलीकडे पाहण्यासारखं काही नाही, आता जेवायला जाऊ. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी माइक खाली ठेवला.

"हे मी मराठीत सांगणार नाही."

आमचं घर गावात कुठे होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ओढ्याच्या पलीकडे. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या वडिलांनी घरातले देव काढले आणि मला शाळेत घातलं. घर मात्र तिथंच राहिलं. गावात पाहुणा आला की त्याला देऊळ दाखवत, नवी शाळा दाखवत आणि ओढ्यापाशी सगळे मागे फिरत. पलीकडे पाहण्यासारखं काही नव्हतं. पलीकडे आम्ही होतो.

मी पर्स उचलली. गाइडनं घड्याळ दाखवलं, बस थांबणार नाही म्हणाला. मी त्याला म्हटलं, खुशाल जा, हॉटेलचा पत्ता मला वाचता येतो. उशिरा येणाऱ्या पोरांना मी जन्मभर वर्गाबाहेर उभं केलं, आणि त्या दिवशी बसभर लोकांना उपाशी ताटकळत ठेवून पूल ओलांडला.

मागून आमच्या शेजारीणबाई धापा टाकत आल्या. मोठ्या शेतकरी घरातल्या, माझ्या जुन्या मैत्रीण.

"बाई, तुमचं बी काय तरीच. तिकडं काय हाय बघायला? आपल्या अंबडसारख्याच गल्ल्या."

"मंग अंबड बघण्यासारखं न्हाई का?"

त्या हसल्या, पण माघारी गेल्या नाहीत.

गल्लीत प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूनं ओटा होता, वर लाकडी खांबांवर कौलांची पडवी. एका ओट्यावर एक म्हातारी शेंगा निवडत होती. एकमेकींची भाषा कळेना. तिनं शेजारची जागा हातानं झाडली आणि बस म्हणून खुणावलं. वाटसरूंना टेकता यावं म्हणून हे ओटे बांधत, असं नंतर वाचलं. ते सगळ्याच वाटसरूंसाठी होते का? मला तसं वाटत नाही.

शेजारीणबाईंच्या माहेरी असाच ओटा आहे. माझी आई असल्या ओट्यांपुढे खाली, उन्हात उभी राहून बोलायची. म्हणून मी नुसती काठावर टेकले नाही. चांगली मागे सरकले, खांबाला पाठ लावली, पाय लांब केले. म्हातारीनं आतून पाणी आणून दिलं.

कालव्याकडून हॉर्न वाजला.

"चला बाई, बोलावून राह्यलेत." त्या अजून खाली रस्त्यातच उभ्या होत्या.

"पाणी संपू द्या. तुम्ही का उन्हात उभ्या? वर या."

त्यांनी फोन काढून तो फोटो घेतला, चपला काढल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हातारी दुसरा पेला आणायला आत गेली.

पलीकडून पुन्हा हॉर्न वाजला. मी सावकाश एकेक घोट घेत राहिले.