मुलग्यांना जिना बंद

कणकवलीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली ठेवायला लागल्यापासून दोन गोष्टींचा कधी तुटवडा पडला नाही. मोरीत अडकलेले केस आणि किस्से! केस आमचे हे कुरकुरत काढतात. किस्से माझ्या वाट्याला. कोणी आलं की एक सांगायला घेते, त्याला धरून दुसरा येतो, आणि पाहुण्याचा चहा गार होतो.

यातले निम्मे एकट्या तन्वीचे. तिला विचारूनच सांगतेय हां. म्हणाली, "सांग गो काकी. पण पंख्याचो किस्सो गाळू नको!"

*

तन्वी विजयदुर्गच्या अलीकडच्या एका गावातली. घरी हापूसची कलमं, थोडं भात. फर्स्ट इयरला तिला सोडायला तिचे वडील आले होते. त्यांना घरात सगळे भाई म्हणतात. भाई म्हणजे अगदी अबोल माणूस.

मी मात्र नियम ऐकवायला बसले की थांबत नाही. गेट कधी बंद, गिझर कधी चालू, आणि शेवटी माझा आवडता नियम. "मुलगे जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढणार नाहीत. मी स्वतः जिन्याखाली खुर्ची टाकून बसते!"

भाईंनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "बरा," म्हणाले आणि एसटी पकडायला गेले.

मुलगी बापाच्या वरताण! सुरुवातीला प्रत्येक गोष्ट विचारून करायची. "काकी, मी आंघोळीक जाव?" "काकी, लाईट लावू?" शेवटी मी म्हटलं, "बाये, श्वास न विचारता घेतलास तरी चालेल!"

तर म्हणते, "थँक्यू काकी."

*

आता पंखा. गिझर विचारून लावणारी ही पोरगी एक दिवस कोणालाही न विचारता पार्लरमध्ये गेली आणि कमरेपर्यंतची वेणी कापून आली. केस एकदम कानाच्या वर! आरशात बघून इतकी खूश, की मला ओरडायचं होतं ते मी विसरूनच गेले.

पण आईला कसं सांगणार? आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. तन्वीने मोबाईल पलंगावर उताणा ठेवायला सुरुवात केली. आईला फक्त छत दिसायचं. "नेटवर्क नाय गो आये," ही बाजूला बसून सांगायची. ती माऊली कित्येक दिवस आमच्या सिलिंग फॅनशी गप्पा मारत होती!

शेवटी एकदा तिला राहवलं नाही. "तन्वी, त्या काकीक सांग गो, पंखो पुसून घी म्हणान. किती ती जळमटा!"

मी खालून ऐकलं. स्टूल घेऊन वर गेले आणि पुसला.

*

तन्वीच्या वर्गात अनघा नावाची, जवळच्याच तळेरे गावातली मुलगी होती. रोज यायची. दोघी वर बसून अभ्यास करायच्या, निदान मला तसं वाटायचं. मला ती इतकी आवडायची, की मी खुर्ची बाजूला सरकवून तिला जिन्याची वाट द्यायची. वर चहा नेऊन द्यायची. पावसात अडकली तर "राहा गो इथेच" म्हणायची.

आणि त्याच खुर्चीत बसून मी तन्वीच्या आईला फोनवर छातीठोकपणे सांगायची, "तुम्ही बिनघोर राहा. तुमचं चेडू, तुमची लेक, मुलग्यांकडे ढुंकून बघत नाही. हवं तर देवावर हात ठेवून सांगते!"

शब्द न शब्द खरा होता!

*

मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. तन्वी येऊन ओट्याला टेकली.

"काकी, माका मुलगे आवडणत नाय."

"कोणाला आवडतात गो? मी इतकी वर्षं एकाबरोबर संसार करतेय ना."

"तसा नाय काकी." ती जमिनीकडे बघत होती. "माका अनघा आवडता. म्हणजे... जन्माची."

मी खवत राहिले. हात थांबवला तर ती घाबरेल असं वाटलं, म्हणून खवतच राहिले. खोबरं संपलं, करवंटी लागली, तरी माझं चालूच. शेवटी तिनेच माझा हात धरला. "काकी, बस झाला."

"चहा घेतेस?" मी म्हटलं. एवढंच सुचलं! ती रडली, मग हसली, मग दोघींनी चहा घेतला.

एक सांगते, आमच्या घरात कुठलीही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळते. सख्ख्या नणंदेचं लग्न ठरलेलं मला आचाऱ्याकडून कळलं होतं. आणि ही पोरगी तिच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट पहिल्यांदा मला सांगते! अजून आठवलं की ऊर भरून येतो.

दुपारी आमच्या ह्यांनी आमटी तोंडात घातली. "आज खोबरा काळा कित्याक?"

"गप जेवा," म्हटलं.

मग तन्वीची परवानगी काढून ह्यांना सांगितलं. हे मिशी चोळायला लागले.

"म्हणजे मुलगे वर येवचे नाय?"

"नाही."

"मगे तुझो नियम खंय मोडलो?"

अडाणी नाही हो माझा नवरा. उगाच नावं ठेवते मी.

*

दिवाळीत तन्वी घरी गेली आणि आईवडिलांना सगळं सांगून आली. आई रडली, मग हिला वाढलं, मग परत रडली. भाई उठले आणि कलमांत निघून गेले. ही परत यायला निघाली तरी एक शब्द बोलले नाहीत.

त्याआधी दर शनिवारी भाई गावच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे हिच्यासाठी पिशवी द्यायचे. नारळ, कुळथाचं पीठ, आईने केलेले लाडू. दिवाळीनंतर पिशवी बंद! तरी तन्वी दर शनिवारी डेपोत जायची आणि रिकाम्या हाताने यायची.

एका शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. ड्रायव्हर मलाच विचारतो, "ओ काकी, ह्यांच्या घरात काय झगडो आसा काय?"

"का हो?"

"भाई दर शनिवारी पिशवी घेवन स्टॉपार येता. गाडी सुटायसर उभो रवता. मी हात पुढे करतंय, तर म्हणता, 'पुढच्या शनवारी.' आणि पिशवी घेवन परत जाता!"

तन्वी तिथेच बाकावर बसली. मी वडापाव आणायला गेले. मला डेपोत रडायला आवडत नाही.

*

भाई बोलेनात, पण त्यांचे थोरले भाऊ बोलायला लागले. या थोरल्या काकांना आईच्या रडण्यावरून काहीतरी कुणकुण लागली होती. त्यांनी ताबडतोब गोव्याचं एक स्थळ शोधलं. फर्स्ट इयर झालं की कॉलेज बंद आणि लग्न!

मला त्यांचा फोन आला तो एकदम ऑफिसातल्या मराठीत. "मॅडम, आम्ही सदर खोली परीक्षेनंतर रिकामी करीत आहोत."

मीही साडीचा पदर सारखा केला. "खोली सोडायची असेल तर राहणाऱ्या मुलीने स्वतः सांगावं लागतं. आमच्याकडे तसा नियम आहे."

"असा कसला नियम?"

"जुना आहे," म्हटलं.

कसला जुना! फोनवर बोलता बोलता केला होता.

*

आणि मग एक दिवस भाईंचा फोन आला. "वैनीनू, आयतवारी कलमांक नारळ ठेवतंव. तन्वीक घेवन येवा." संपला फोन.

आंबा काढायला सुरुवात करण्याआधी बागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकाने नारळ हातात धरून देवाला काय ते सांगायचं, बाकीच्यांनी हात जोडून दरवेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आता लहानपणापासून ऐकलेलं. शब्दांकडे कोण लक्ष देतो? सांगणारा थांबला की व्हय म्हणायचं!

तन्वीला वाटलं, बोलावून घेतील आणि परत पाठवणारच नाहीत. तरी म्हणाली, "जातलंय. पण अनघाक घेवन जातलंय." आंघोळीला विचारून जाणारी हीच पोरगी! मी म्हटलं, "मी आहे बरोबर." आमच्या ह्यांनी गाडी काढली. "मी रस्त्यारच थांबतंय," म्हणाले. "इंजिन चालू ठेवन."

बागेत सगळी भावकी जमलेली. तन्वीचे केस बघून कुजबुज, अनघाला बघून आणखी कुजबुज. थोरले काका नारळ घेऊन पुढे झाले, कारण गाऱ्हाणं दरवर्षी तेच घालतात. इतक्यात भाईंनी त्यांच्या हातातून नारळ घेतला.

"दादा, औंदा मी घालतंय."

"तू? तुका बोलूक येता?" काका म्हणाले, आणि सगळे हसले.

भाईंनी डोळे मिटले.

"बा देवा राखणदारा, सालाबादप्रमाणा तुझो नारळ तुका ठेवतंव."

"व्हय म्हाराजा!"

"कलमांक मोहर तू दिलंस, फळ तू धरलंस, वाऱ्यापावसात तू राखलंस."

"व्हय म्हाराजा!"

"तसाच माझा चेडू तन्वी कणकवलेक शिकता. तेचा शिक्षाण पुरा होयसर कोणी तेका घराक ओढून हाडूचा नाय."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तेच्यासाठी स्थळ घेवन येयत, तेका इल्या पावलान परत धाड."

"व्हय म्हाराजा!"

इथे भाई थांबले. घसा खाकरला. रस्त्यावरून आमच्या गाडीची घरघर ऐकू येत होती. तन्वीने अनघाचा हात धरला होता, आणि माझाही.

"आणि ह्या अनघा. माझ्या तन्वीन तेका जन्माचा आपला मानल्यान. तेकाय ह्याच घराचा चेडू समज, आणि दोघांवर सारखी नजर ठेव."

"व्हय म्हाराजा!"

भाईंनी नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा तन्वीच्या हातात दिला, दुसरा अनघाच्या.

मग हळूहळू एकेकाचे जोडलेले हात खाली आले. थोरले काका म्हणाले, "भाई, शेवटाक काय म्हटलंस तू?"

"देवाक सांगलंय," भाई म्हणाले. "तुमी सगळे व्हय म्हणालास."

आणि खरं सांगू? त्यात सगळ्यांत मोठा आवाज थोरल्या काकांचा होता!