शंभराचे साठ कोण करत होतं?

या ग्रुपवरच्या भुताखेतांच्या अनुभवांखाली आजवर मी हसायचे इमोजीच टाकत आलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आताही आहे असं म्हणवत नाही. जे झालं तेवढं सांगतो.

मी वर्धा जिल्ह्यात सेलूला राहतो. घरूनच नागपूरच्या इंजिनिअर लोकांना बांधायच्या घरांची थ्रीडी चित्रं करून देतो. एकेका चित्राला तासन्‌तास लागतात. तेवढा वेळ कॉम्प्युटर पूर्ण ताकदीने चालतो, तापतो, आणि त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. शेजारच्या खोलीत आई — लकव्याने अंथरुणाला खिळलेली. रात्री तिला झोप नसायची. काय डोळा लागायचा तो दुपारी.

माझ्या बायकोने, सुषमाने, यावर तोड काढली होती. प्रोसेसरने जास्तीत जास्त किती टक्के जोर लावायचा, याचा आकडा विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये असतो. मी शंभर ठेवायचो. आईचं दुपारचं जेवण झालं की सुषमा येऊन साठ करायची. पंखा शांत व्हायचा, काम रेंगाळायचं.

"आईले झोपू द्या ना थोडं," म्हणायची. "चित्र होईन संध्याकाळी."

मागच्या पावसाळ्यात सुषमाला ताप आला. सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं... ती घरी परत आली नाही.

तेरवीनंतर कामाला बसलो. सेटिंग शंभरवर केली, चित्र लावलं आणि आईला भरवायला गेलो. येऊन बघतो तर पंखा शांत. सेटिंग उघडली — साठ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

वर्ध्याला प्रशांत म्हणून मित्र आहे, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. "अपडेटनं होते असं कधी कधी," म्हणाला. "आता नाई होत."

मी इंटरनेटही काढून टाकलं. आईला भरवलं आणि कॉम्प्युटरसमोर हात बांधून बसलो. कशालाही हात लावला नाही. थोड्या वेळाने घरघर आपोआप उतरत गेली... साठ.

आतून आईचा जड जिभेचा आवाज आला, "सुषमानं केला ना आवाज बंद?"

मी "हो," म्हटलं.

"मंग झोपतो मी आता."

त्यानंतर दुपारी आकडा साठवर आला की मी तो लगेच परत शंभर करणं सोडून दिलं. पंखा शांत झाला की खुर्चीत बसून सुषमाशी बोलायचो — आईच्या औषधांबद्दल, घरातल्या कशाकशाबद्दल. उत्तर कधी आलं नाही. पण दिवसातला तेवढाच वेळ मला सहन व्हायचा.

उन्हाळ्यात आई गेली. दुपारीच, झोपेत.

पुन्हा काम सुरू केलं त्या दिवशी दुपार झाली, टळली, पंखा घरघरतच होता. दिवेलागणीपर्यंत मी सेटिंग उघडी ठेवून बसलो. शंभर ते शंभरच. तेव्हापासून तो आकडा हललेला नाही.

"सुधरला ना शेवटी," प्रशांत म्हणाला. "बरं झालं."

एकदा मी स्वतःच साठ करून पाहिलं. खोली शांत झाली, बाकी काही नाही. परत शंभर केलं.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. आणि ती सुषमाच असेल, तर ती आईसाठी येत होती... माझ्यासाठी नाही.