सहाशेच्या लेन्समध्ये दिसलेला माणूस

कस्तुराचं सगळं काम हातभर अंतरावरचं. कुरुळीजवळच्या एका कंपनीत गाड्यांचे हेडलाइट बनतात, तिथं ती तपासणीला आहे. पांढऱ्या ट्यूबखाली हेडलाइटची आतली, आरशासारखी चकचकीत वाटी हातात घ्यायची, सावकाश फिरवायची आणि चरा दिसला की लाल टिकली लावून बाजूला ठेवायची. एकोणीस वर्षं हेच. डोळे दुखायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मधूनमधून लांब बघत जा."

तिनं ते औषधासारखं सुरू केलं आणि हळूहळू तिला त्याची चटकच लागली. घराच्या गच्चीवरून कंपन्यांच्या पत्र्यांपलीकडे एक माळ दिसतो. हिवाळ्यात सकाळी धुकं उतरलं की शेड पाण्यावर ठेवल्यासारख्या तरंगतात आणि माळ त्यांच्यावर, आभाळाला टेकून, वेगळाच असतो. कस्तुरा चहाचा कप घेऊन तिकडं बघत राहायची. चहा निवून जायचा.

मुलगी मैत्री कॉलेजात असताना तिच्यासाठी घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता. मैत्री नोकरी लागल्यावर पुनावळ्याला मैत्रिणींबरोबर राहायला गेली, कॅमेरा मागं राहिला. कस्तुरानं तो काढला, पुसला, माळाकडे धरला. फोटोत माळ आला एका बोटाएवढा, आणि त्यावरचं पाखरू तिळाएवढं.

बुधवारी संध्याकाळी ती चिंचवडला प्रितमच्या दुकानात गेली. प्रितम कॅमेऱ्याचं सामान विकतो, भाड्यानंही देतो.

"मावशी, फोटो कशाचे काढायचेत?"

"लांबचे."

"लांबचे म्हणजे? पक्षी, डोंगर, चंद्र?"

"ते अजून ठरलं नाही. नुसतं लांबचं."

प्रितम हसला नाही. त्यानं काचेवर दोन लेन्स ठेवल्या. एक सत्तर ते तीनशे मिलिमीटरची, मुठीत मावणारी. दुसरी दीडशे ते सहाशेची, मुसळासारखी. "मोठी फार लांबचं जवळ आणते. पण जड आहे, हात हलला की सगळं पुसट होतं. आणि तिच्यातून आभाळाचा एवढासा तुकडाच दिसतो. लहानी तेवढं जवळ आणत नाही, पण दिवसभर गळ्यात राहते. आज विकत घेऊ नका. एक घेऊन जा, तुमच्या मनगटाला विचारा."

कस्तुरानं मोठी घेतली.

गुरुवार हा त्या औद्योगिक पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांचा सुट्टीचा दिवस. उजाडताच ती माळावर पोचली. स्टँड नव्हता, प्रितमनं सांगितल्याप्रमाणं तिनं किलोभर तांदळाची पिशवी दगडावर ठेवली, तिच्यात लेन्स रुतवली आणि डोळा लावला.

आत वेगळंच जग होतं. गवताच्या तुऱ्यावर दव थरथरत होतं. एका शेळीच्या कानाच्या कडेला ऊन लागून तो आतून पेटल्यासारखा दिसत होता. हे सगळं कितीतरी लांब, आणि कसलाही आवाज नाही. स्वप्नात माणसं बोलतात पण ऐकू येत नाही, तसं. गवतातून एक पाखरू उठलं. तिनं लेन्स वळवली तोवर ते चौकटीतून निसटलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. ते शोधता शोधता लेन्स पार टोकाच्या बांधावर गेली, आणि तिथं कंपनीच्या निळ्या शर्टात एक माणूस बसलेला दिसला.

तो किसन होता. तिचा नवरा.

किसन दुसऱ्या कंपनीत प्रेस शॉपला, जिथं मोठाली यंत्रं दणादण पत्रे दाबतात, तिथं रात्रपाळीला. रोज सकाळी उशिरा यायचा आणि बस लेट झाली म्हणायचा. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले होते. डोळे मिटलेले, मान वर, एक तळहात कानामागं. आणि ओठांवर हसू होतं, अगदी बारीक. बावीस वर्षांच्या संसारात तो चेहरा तिनं पाहिला नव्हता. बोट बटणावर गेलं, पण तिनं दाबलं नाही. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं. तो उठून बूट घालेपर्यंत ती नुसती बघत राहिली.

घरी चहा देताना तिनं विचारलं, "बस उशिरा आली का?"

"आली जरा."

"अहो, मी बघितलं तुम्हाला. माळावर. या लेन्समधून."

किसननं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "प्रेसचा आवाज कानातून जात नाही गं. घरी आलो तरी तू त्याच्या आडून बोलल्यासारखी वाटतीस. तिथं बसलं की उतरतो. आधी वारा ऐकू येतो. मग ते पाखरू. गात गात वर जातं, दिसत काही नाही."

"मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस."

"मग आता काय नाचू?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एका कानाचं ऐकणं बरंच गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. उरलेलं जपायला हवं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन किसननं कंपनीत अर्ज दिला. दोन महिने गेले, पण त्याला स्टोअरला घेतलं, तेही दिवसपाळीला.

मोठी लेन्स तिनं केव्हाच परत केली होती. एका गुरुवारी लहानी भाड्यानं घेऊन दोघं माळावर गेले. किसन डोळे मिटून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं बोट उचललं. "तिथं. आता वर चाललंय." कस्तुरानं त्याच्या बोटाच्या रेषेत लेन्स धरली आणि पहिल्यांदाच ते पाखरू चौकटीत राहिलं. खाली गवत, वर सगळं आभाळ, मधे ते.

प्रितमनं फोटो मोठा करून पाहिला. "चंडोल आहे, मावशी. पण फारच बारीक आलाय. सहाशेनं मस्त आला असता."

"तो तेवढाच असतो," कस्तुरा म्हणाली, आणि तिनं लहानी लेन्स विकत घेतली. आता तांदळाची पिशवी लागणार नव्हती; लेन्स ठेवायला तिनं जुन्या सतरंजीची एक पिशवी शिवली.

परवा धुकं इतकं दाट होतं की शेजारचं झुडूपही दिसेना. किसन ऐकून दिशा सांगत होता, ती तिकडं फोटो काढत होती. संध्याकाळी मैत्रीचा फोन आला.

"आई, तू पाठवलेल्या फोटोंत काहीच नाही. सगळं पांढरं."

"अगं, एकात टिटवी आहे, एकात चंडोल," कस्तुरा म्हणाली. "पप्पांना विचार कुठल्यात कोण ते." आणि तिनं फोन किसनच्या चांगल्या कानाला लावला.