ऐच्छिक नंबर

तीनवाक्ये हे त्यांचं आडनाव नव्हे, आम्ही पाडलेलं नाव. डोळ्यांच्या सरकारी दवाखान्यात ते पहिल्या खिडकीवर, मी दुसऱ्या. केसपेपर काढायला माणूस आला की हे पेन खाली ठेवणार आणि सुरू होणार: "सरकारी ओळख नंबर आम्ही आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे मागतो. तो फक्त तुमची जुनी नोंद शोधायला वापरतो. नाही दिलात तरी उपचार होणारच." दिवसाला दीडशे माणसं, दीडशे वेळा हेच. माझं डोकं उठायचं. "अहो, टेप लावून ठेवा की!" मी म्हणायची. ते हसायचेसुद्धा नाहीत.

नियमच तसा आहे, कबूल. नंबर मागायचा तर कशाच्या आधारे, कशासाठी आणि सक्ती आहे की नाही, हे आधी सांगायचं. पण सांगत बसायला वेळ आहे कुणाला? फॉर्मवर चौकटीपुढे 'ऐच्छिक' असं छापलंय, संपलं आपलं काम, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. गेल्या वर्षापर्यंत तेही.

गेल्या वर्षी त्यांच्या खिडकीशी एक टेलरमास्तर आले, काचबिंदूचे. फॉर्म नाकाला लावून वाचत म्हणाले, "साहेब, इथं नंबर मागितलाय."

"ऐच्छिक लिहिलंय ना पुढे?" हे मान वर न करता म्हणाले.

मास्तरांनी खिशातलं कार्ड काढून उलटसुलट पाहिलं. "माझ्याकडे साधाच आहे. ऐच्छिक काढून आणतो."

"आणा, आणा. पुढचा!"

मी ऐकलं होतं. ऐकून फिसकन हसलेही होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दोन महिन्यांनी मास्तरांची मुलगी खिडकीशी आली. "ऐच्छिक नंबर कुठल्या ऑफिसात मिळतो? बाबांनी तीन ऑफिसं पालथी घातली. तोवर एक डोळा गेला त्यांचा." तीनवाक्येंनी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. "म्हणजे लागतच नव्हता? हे मी बाबांना नाही सांगणार. त्यांना सहन व्हायचं नाही." दुसऱ्या डोळ्यासाठी तिनं बाहेरच्या डॉक्टरांचे थेंब चालू केले. इकडे यांनी तीन वाक्यं सुरू केली.

या महिन्यात नवे साहेब आले. रांग हलत नाही म्हणून वैतागले आणि भिंतीवर पाटी लावली, त्यावर तीच तीन वाक्यं. तीनवाक्येंना लेखी मेमो: तोंडी सांगणे बंद. डोळ्यांच्या दवाखान्यात पाटी! अर्ध्या लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या, वाचणार काय, कपाळ? मी भांडायला निघाले, तर हेच म्हणाले, "राहू दे. थकलो मी आता." दोन दिवस ते मुकाट्यानं फॉर्म भरत राहिले. खरं सांगते, ती शांतता मला त्या टेपपेक्षा जास्त टोचली.

तिसऱ्या दिवशी भिंत चाचपत मास्तर आले. मुलगी गेटवर रिक्षावाल्याला सुटे पैसे देत होती. मास्तर माझ्या खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "बाई, शेजारी अजून तेच साहेब आहेत का? त्यांनी ऐच्छिक नंबर आणायला सांगितला होता. नाही हो मिळाला. थेंबांनी भागत नाही, ऑपरेशन सांगितलंय. त्यांना न विचारता केसपेपर तुमच्याकडून होईल का? एवढा एकच डोळा उरलाय."

पलीकडे ऐकू गेलं होतं. तीनवाक्ये उठून दारातून बाहेर आले. नवे साहेब व्हरांड्यात उभे होते, तरी आले. मास्तरांच्या समोर उभे राहून त्यांनी तिन्ही वाक्यं म्हटली, अगदी सावकाश.

"नाही दिला तरी?" मास्तरांनी विचारलं.

"तरी होणारच."

मास्तर कार्डावरून अंगठा फिरवत राहिले. "मग तेव्हा?"

"तेव्हाही असंच होतं, मास्तर. मीच सांगितलं नाही."

मास्तरांनी कार्ड खिशात घातलं, वरून बटण लावलं.

"नंबर देत नाही," ते म्हणाले. "नाव लिहा."

तीनवाक्येंनी नाव लिहिलं, चौकट कोरी ठेवली आणि केसपेपर त्यांच्या हातात दिला.