ब्लिस, लाउंज पॅक, रेंज वन

नवऱ्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर गोव्यातल्या इस्पितळात केमोचे आठ डोस ठरले. दर तीन आठवड्यांनी एक. मालवणजवळच्या आमच्या गावातून इस्पितळ जाऊन-येऊन दोनशे तीस किलोमीटर आहे. पहिले दोन डोस भाड्याच्या गाडीने झाले. जाताना काही त्रास नसे. येताना मात्र डिझेलच्या वासाने त्याला उलट्या होत. दुसऱ्या डोसच्या दिवशी बांद्यापासून कुडाळपर्यंत चार वेळा गाडी थांबवावी लागली. कुडाळला गाडीवाल्याने मागे न बघता सांगितलं, "वैनी, पुढच्या टायमाक दुसरी गाडी बघा. सीझन आसा, आणि सीटकव्हरां नवीन आसत."

वीजगाडी घ्यायची हे त्याच संध्याकाळी ठरलं. तिला धूर नाही, डिझेलचा वास नाही, इंजिनाची थरथर नाही. आधीची गाडी विकून चार वर्षं झाली होती, पण चालवायचं मी विसरले नव्हते. नवऱ्याची मागणी एकच होती.

"अगो, येताना माका आडवा पडूक गावला आणि मधी खंय थांबाचा लागला नाय, म्हणजे झाला."

या दोन गोष्टी मी कागदावर लिहिल्या. तिसरी माझी: आत कसलाही वास नको. तो कागद घेऊन आम्ही महामार्गावरच्या एका शोरूममध्ये गेलो.

गाडीच्या चार श्रेणी होत्या. जॉय, ग्लो, ब्लिस आणि ब्लिस प्लस. साबणाच्या वड्यांना असतात तशी नावं. बॅटऱ्या दोन, त्यांना रेंज वन आणि रेंज टू म्हणत. माहितीपत्रकात लहान बॅटरी सव्वातीनशे किलोमीटर चालत होती. एसी लावला तर खरोखर किती चालते, हे विचारल्यावर तिशीतल्या विक्रेत्याने आधी मॅनेजरच्या केबिनकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाला, "काकी, दोनशे-दोनशे दहा धरा." म्हणजे रेंज वन बाद. आम्हाला रेंज टू हवी होती.

रेंज टू जॉयमध्ये नव्हती. ग्लोमध्येही नव्हती. ती ब्लिसपासून पुढे मिळत होती, आणि ब्लिसमध्ये काचेचं छप्पर होतं. छप्पर वगळून बॅटरी मिळेल का, असं मी विचारलं. मिळणार नव्हती.

"वर काच कित्याक?" नवऱ्याने विचारलं. "माडावरचो नारळ पडताना दिसूक व्हयो म्हणान?"

विक्रेता हसला. मॅनेजर बाहेर येऊन आमच्याशी शुद्ध मराठीत बोलू लागला. काचेचं छप्पर हा अनुभव आहे, असं त्याने सांगितलं.

आता सीट. पुढची डावी सीट पूर्ण मागे झोपते का? झोपते, पण लाउंज पॅक घेतला तर. लाउंज पॅकमध्ये आणखी काय? पायाला आधार, दारांच्या आतल्या बाजूला चौसष्ट रंगांचे दिवे आणि सुगंध. सुगंध म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेली एक कुपी, दार उघडलं की आपोआप फवारा मारणारी. चंदन, समुद्रवारा आणि मोगरा यांतून एक निवडायचा होता.

"यांना वास चालत नाही," मी म्हटलं. "केमो सुरू आहे."

"मग समुद्रवारा घ्या, मॅडम. माइल्ड आहे," मॅनेजर म्हणाला.

आम्ही समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. तिथला वारा कसा लागतो ते त्याला सांगायचं मला सुचलं नाही. कुपी रिकामी ठेवता येईल, एवढं आश्वासन मी घेतलं. ते लेखी मिळालं नाही.

एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी बावीस वर्षं काम केलं. शनिवारच्या वाहन पुरवणीची चार पानं कित्येक वर्षं माझ्याकडे होती. कंपन्यांची पत्रकं येत, मी त्यांतली इंग्रजी वाक्यं मराठीत बसवत असे. "सुसज्ज", "रुबाबदार", "कुटुंबाच्या प्रत्येक सदस्याचा विचार करून". कुटुंबातल्या एखाद्याला उलट्या होत असतील तर काय, हा प्रश्न त्या चार पानांत कधी आला नाही. तो मीही आणला नाही. शोरूममधल्या गुळगुळीत कागदावर माझीच भाषा छापलेली होती, आणि ती वाचताना मला किळस आली. मॅनेजरवर चिडण्याचा हक्क त्यामुळे थोडा कमी झाला, पण चीड कमी झाली नाही.

घरी आलो तर वाडीला बातमी लागलेली. नवऱ्याचा चुलतभाऊ मुंबईहून निवृत्त होऊन शेजारी राहतो. तो अंगणात उभा राहूनच बोलला.

"वैनी, घेतास तर टॉप घेवा. ब्लिस प्लस. खालची घेतलास तर लोक इचारतले, पैशे कमी पडले काय?"

"आम्ही इस्पितळात जायला घेतोय, भावजी."

"तां ठीक आसा ओ. पण डोस संपल्यार गाडी ऱ्हवतलीच मां?"

नवरा पडवीत पडून होता. तो म्हणाला, "आणि मी नाय ऱ्हवलंय तर तुका होयी, म्हणान टॉप सांगतंस काय रे?"

चुलतभाऊ लाजला आणि चहा न घेता गेला.

शेवटी ब्लिस, रेंज टू, लाउंज पॅक असं नक्की केलं. गाडी नवऱ्याच्या नावावर घ्यायची हा माझा आग्रह. त्या दिवसांत त्याच्या नावाने घरी येत होते ते फक्त रक्ताचे रिपोर्ट. अर्जावर म्हणून त्याचा फोन नंबर लिहिला. पुढचा डोस पाच आठवड्यांवर गेला होता, कारण पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. गाडी तोपर्यंत येणार होती.

आमच्या भागात रेंज म्हणजे मोबाइलची रेंज. या शब्दाला दुसरा अर्थ नाही. आमच्या घरात ती पडवीच्या एकाच खिडकीत येते. तिथे खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली आहे आणि पिशवीत फोन असतो. वाजला की स्पीकर लावून खिडकीत तोंड घालून बोलायचं. अर्ज भरल्यावर आठ दिवसांनी मी त्याचे रिपोर्ट घ्यायला ओरोसला गेले होते. त्या दुपारी फोन वाजला. कंपनीच्या मुख्य कार्यालयातून एक मुलगी बोलत होती. कुठलं शहर ते माहीत नाही. नवऱ्याने संध्याकाळी मला सांगितलं, "त्या गाडयेवाल्यांचो फोन इल्लो. चौकशी केल्यानी. बरी बोलत होती." मीही आणखी विचारलं नाही.

गाडी वेळेत आली. डोस नऊ दिवसांवर होता. शोरूममध्ये गाडीवर लाल सॅटिनचं कापड घातलेलं होतं. कापड ओढायला त्यांनी नवऱ्याला पुढे केलं. त्याने ओढल्याबरोबर दोघांनी चमचमत्या कागदांचे फटाके उडवले आणि मोठ्याने गाणं लागलं. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली त्याच्या हातात देऊन फोटो काढले. त्याचं वजन तोवर नऊ किलो उतरलं होतं. किल्लीमागे तो जवळजवळ दिसेनासा झाला. छायाचित्रकार म्हणाला, "सर, स्माइल."

त्याने दार उघडलं. फवारा उडाला. समुद्रवारा. तो दोन पावलं मागे सरला आणि रुमाल तोंडाला लावून काचेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. गाणं चालूच होतं.

मी कागद तपासत होते. गाडीची श्रेणी ब्लिस. पॅक लाउंज. बॅटरी रेंज वन.

मी मॅनेजरला ती ओळ दाखवली. त्याने संगणक बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाला, "मॅडम, सरांनी स्वतः कन्फर्म केलंय. कॉल रेकॉर्डेड आहे."

मी ऐकवा म्हटलं. त्याने तो सगळ्यांसमोर स्पीकरवर लावला. मला आठवतो तो असा.

"सर, आपल्याला किती रेंज लागेल?"

"रेंज? एकच दांडी. त्यातच भागता आमचा."

"म्हणजे रेंज वन, सर?"

"व्हय, वन. कधीकधी ती पण नसता."

"ओके सर. आधी रेंज टू लिहिलंय. ते बदलून रेंज वन करते."

"करशात तर बरा होयत. पण आमच्या वाडीत टॉवरच नाय."

"थँक यू, सर. आपला दिवस आनंदात जावो."

विक्रेत्याला पहिल्या उत्तरालाच कळलं होतं. तो इथलाच. त्याला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसत होते. मॅनेजरने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग तो मला म्हणाला, "ग्राहकाने दिलेला प्रतिसाद आम्हाला अंतिम धरावा लागतो."

"हा प्रतिसाद मोबाइलच्या टॉवरविषयी आहे."

"सिस्टिममध्ये तसं दिसत नाही, मॅडम."

बावीस वर्षांत मी तहसील कार्यालयापासून मंत्र्यांपर्यंत पुष्कळांची उत्तरं लिहून घेतली आहेत. इतकं निर्ढावलेलं क्वचितच कुणाचं होतं. चूक कुणाची हा प्रश्न त्याच्यापुरता संपला होता. रेंज टूची गाडी हवी तर अडीच महिने. तोपर्यंत तीन-चार डोस होऊन जाणार. भाड्याच्या गाडीवाल्यांपैकी दोघांनी नकार दिलेला होता.

काचेच्या भिंतीपाशी नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो परत आला तेव्हा चेहरा पांढरा होता, वासाने की रेकॉर्डिंगने, मी विचारलं नाही.

"घेवन टाक," तो म्हणाला. "माझी चूक."

"तुझी नाही."

"मगे कोणाची? त्या चेडवाची? तिका काय ठावक, आमी खिडकीत तोंड घालून बोलतो तां?"

विक्रेत्याने बाहेर येऊन स्वतःच्या हाताने ती कुपी उपसून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "काकी, माका आधी कळला असता तर," एवढंच म्हणाला. त्या इमारतीत आमच्या बाजूने झालेली ती एकमेव कृती होती. वास पुढचे आठ दिवस गेला नाही. कुपीजवळच्या कापडात तो मुरला होता. दारं उघडी टाकून मी गाडी रोज उन्हात ठेवली, आत कॉफीपूड ठेवली, लिंबं कापून ठेवली.

तिसऱ्या डोसला जाताना सगळं ठीक होतं. सीट खरोखर आडवी होत होती. येताना नवरा डोळे मिटून पडला होता आणि मी पडद्यावरचे आकडे बघत होते. बांद्याला पोहोचताना सव्वीस टक्के उरले, आणि घर अजून पंच्याहत्तर किलोमीटर. एसी बंद केला असता तर कदाचित पोहोचलो असतो. त्याच्या कपाळावर घाम होता. मी एका हॉटेलच्या आवारातल्या चार्जरकडे गाडी वळवली.

चार्जरला एक गाडी आधीच लागलेली होती. पर्यटक. त्यांचं जेवण चाललं होतं. आम्ही अर्धा तास थांबलो. चार्जर भटारखान्याच्या मागच्या दाराशी होता. मासे तळायचं तेल वरचेवर कढत असावं, कारण वास जळका आणि जुना होता. काचा बंद केल्या तरी येत होता. नवऱ्याने पिशवीत उलटी केली, मग दुसऱ्या पिशवीत. तिसरी पिशवी मी आणली नव्हती. आमचं चार्जिंग सुरू झालं तसा गाडीचा पडदा उजळला आणि त्यावर एक संदेश आला. आपल्या ब्लिस अनुभवाला पाच तारे द्यावेत, अशी विनंती होती. दारांतले दिवे आपोआप निळे झाले. ते कसे बंद करायचे ते मला माहीत नव्हतं. त्या निळ्या उजेडात तो डांबरावर ओणवा होऊन ओकत होता, मी त्याची पाठ धरली होती, आणि जेवून बाहेर आलेल्या बाईने नाकाला पदर लावून आपल्या मुलांना लांबून नेलं.

चौथ्या डोसपासून पद्धत बदलली. इस्पितळापासून सहा किलोमीटरवर एक चार्जर आहे. नवऱ्याला सलाइन लावलं की मी तिकडे निघते. तिथे रांग असते. गाडी भरून परत यायला पावणेदोन ते अडीच तास लागतात. डोस साधारण तेवढाच वेळ चालतो. येताना मग कुठे थांबावं लागत नाही. तो आडवा पडून येतो. मागितलं होतं ते त्याला मिळालं.

पण सलाइन चालू असताना मी त्याच्याजवळ नसते. पहिल्या तीन वेळा मी खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून होते. सुई टोचलेला हात गार पडतो म्हणून धरून बसायचे. आता तो हात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून दुलईने झाकते. तिची माझी ओळखही नाही. मी तेव्हा एका पेट्रोल पंपाच्या मागे केबल धरून उभी असते आणि टक्के मोजत असते.

काल सातवा डोस झाला. मी पोहोचले तेव्हा सुई काढून झाली होती, आणि तो खाटेच्या कडेला चपला घालून बसला होता.

"खाल्ल्यान काय गाडयेन?" त्याने विचारलं.

"पंच्याण्णव टक्के."

"बरा झाला," तो म्हणाला आणि उठण्यासाठी हात पुढे केला. मी धरला. गार होता.