मिथेनचे चार बंध

नवऱ्याला मानेसरच्या कारखान्यात बढती मिळाली म्हणून मी पुण्यातली कॉलेजची नोकरी सोडून गुडगावला आले. नव्या सोसायटीत लिफ्ट होती, पण वीज असेल तेव्हा. वर्षभर घरी बसून विटले आणि जवळच्या मार्केटमधल्या कोचिंग क्लासात अकरावीला रसायनशास्त्र शिकवू लागले.

मिथेनचा धडा आला. कार्बनची एक एस आणि तीन पी कक्षकं, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऑर्बिटल्स, मिसळून चार सारखी कक्षकं होतात, म्हणून त्याचे चारही बंध सारखे, हे हायब्रिडायझेशन. रेणूचा आकार दिसावा म्हणून मी चार फुगे तोंडाशी एकत्र बांधले. ते आपोआप चार दिशांना फाकले. मुलं पुढे वाकून बघत होती, तेवढ्यात क्लासचे मालक दारात आले.

"मॅडम, बर्थडे पार्टी है क्या? ट्रिक लिखवाइए और आगे चलिए."

मी फुगे टेबलाखाली ढकलले आणि ट्रिक लिहून दिली: मधल्या अणूभोवतीचे अणू आणि इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या मोजा, बेरीज चार आली की एसपी-थ्री हायब्रिडायझेशन. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"मॅम, ऑर्बिटल सच में मिक्स होते हैं, या हम कागज़ पर करते हैं?"

मला उत्तर येत नव्हतं. एम.एस्सी. झाले, सहा वर्षं हेच शिकवलं, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"पेपर में नहीं आता," मी म्हटलं. म्हटलं आणि स्वतःचाच संताप आला.

घरी येऊन पुण्याहून आणलेली, अजून न उघडलेली पुस्तकांची खोकी फोडली. नवरा म्हणाला, "अगं, सोड ना यार. पोर्शन संपव." रविवार वाचण्यात गेला. मिथेनचे बंध सारखे आहेत हे प्रयोगांतून आधीच कळलं होतं. मिसळणं हे त्याच्याशी जुळणारं आपलं गणित. अणूत कोणी काही ढवळत नाही. इतकं साधं, आणि आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी त्या मुलीला जिन्यात गाठून सगळं समजावलं. तिनं नीट ऐकलं.

"अच्छा. तो पेपर में क्या लिखूँ, मॅम? मिक्स होते हैं?"

"होते हैं," मी म्हटलं.

ती थँक्यू म्हणून खाली गेली. सत्र संपल्यावर मी क्लास सोडला. नवऱ्यानं कारण विचारलं.

"मुलं प्रश्न विचारतात," मी म्हणाले. त्याला वाटलं, मी मुलांना कंटाळले.