चार बटणं, वीस मिनिटं

सिस्टरला आख्खं हॉस्पिटल टरकून असायचं. चौतीस वर्षं तिने सर्जरीचा वॉर्ड सांभाळला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून चालवायचं म्हणजे चालवायचंच. नातेवाइकांच्या विनवण्यांना ती भीक घालत नसे.

त्याच सिस्टरला सत्तराव्या वर्षी मुलगा चमच्याने भरवत होता.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि मुलाने धसकाच घेतला. एकदा दूध उतू गेलं, लगेच स्वयंपाकघराला कुलूप. एकदा बटणं वरखाली लागली, तर बिनबटणांचे गाऊन. अंघोळ, वेणी, जेवण, सगळं तो आणि सून ऑफिसच्या घाईत उरकायचे. "माझे हात तुटलेत का?" ती ओरडायची. एका सकाळी तिने वाटी भिंतीवर भिरकावली आणि मुलाच्या मनगटाला कडकडून चावली.

"हिला शांत करणारी गोळी द्या," मुलगा डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी गोळीऐवजी थेरपिस्ट बाईंना घरी पाठवलं.

बाई तासभर नुसत्या बघत बसल्या. मग मुलावरच उखडल्या. "आई काय विसरली ते पाढ्यासारखं सांगितलंत. तिला अजून काय येतं, ते कधी पाहिलंत? आजाराने नेलं नव्हतं तेही तुम्ही काढून घेतलंत!"

"आम्ही दिवसरात्र राबतोय, आणि वर दोष आमचाच?" मुलगाही भडकला.

"राबू नका. थांबायला शिका."

दुसऱ्या दिवसापासून कपडे घालायच्या क्रमाने पलंगावर मांडले गेले. कपाटांवर ठळक चिठ्ठ्या लागल्या. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, असं ठरलं. बटणांचा गाऊन पुन्हा निघाला. चार बटणांना वीस मिनिटं लागली. मुलाला राहवेना, त्याने हात पुढे केला. फाडकन चापट बसली.

"ए वॉर्डबॉय! मागे हो. पेशंटला स्वतः करू दे."

सून फिस्सकन हसली. मुलगा हसला नाही.

तीन महिन्यांत सिस्टर आपली आपण अंघोळ करू लागली. सून शेजारी उभी असली की चहाही करायची. आजार काही हटला नाही. मुलाचं नाव तिला परत आठवलंच नाही. जेवताना सांडायचं, कुणी पुसायला धावलं की ती डोळे वटारायची.

शेजारच्या काकूंनी एकदा मुलाला गाठलं. "या वयात आईला कामाला लावतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना!" तो तडकला. "वर्षभर तिला बाहुलीसारखं बसवून ठेवलं, त्याची वाटते."

आणि त्याने दार धाडकन लावून घेतलं.